चितारणीचं आभाळ

फार फार वर्षं झाली त्याला. माळखिंडीत तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता, आणि दिवस मावळला की आभाळ इतकं खाली यायचं की नवख्या माणसाला वाटावं, घराच्या धाब्यावर चढून हात वर केला तर चांदण्या बोटाला लागतील. त्या काळी गावात सगुणा नावाची बाई राहत होती. गाव तिला चितारीण म्हणायचं, कारण तिचा नवरा नारो चितारी.

नारो आधी देवळांच्या भिंती रंगवायचा. पुढं त्याला कुठूनसा लाकडी पेटीचा कॅमेरा मिळाला आणि तो जत्रांमधून फोटो काढत हिंडू लागला. मागं स्वतः रंगवलेला पडदा, त्यावर कमळांचं तळं, आणि पुढं नवी टोपी घातलेलं कुणाचं तरी पोर. सगुणा त्याच्याबरोबर असायची. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा, आणि अंधाऱ्या खोलीत त्या काचा औषधात धुवायचं काम तिचं होतं. तिची बोटं त्या औषधानं काळी पडली ती पडलीच. असं म्हणतात, मरेपर्यंत उजळली नाहीत.

त्यांना एक लेक होती, बनू. साऱ्या मुलखाच्या पोरांचे फोटो निघाले, बनूचा तेवढा राहिला. आज काच संपली, उद्या ऊन नाही, परवा जत्रा. घरचीच पोर, कधीही काढू, असं नारो म्हणत राहिला.

मग मानमोडीची साथ आली. सकाळी मान दुखते म्हणून माणूस आडवा व्हायचा, तो उठायचाच नाही. माळखिंडीतली निम्मी घरं निजली. नारो गेला, आणि त्याच आठवड्यात बनू गेली. आयाबायांनी सगुणेला धरून बसवलं आणि आभाळाकडे बोट दाखवलं. "रडू नगंस. तुजी बनू चांदणी झाली. ती बग, तितं हाय."

सगुणा त्या बोटाकडे बघत राहिली. मग उठली, घरात गेली, कॅमेरा घेऊन परसात आली आणि त्याचं तोंड तिनं आभाळाकडे केलं.

पहिली काच धुतली तेव्हा तिच्यावर एकही चांदणी नव्हती. नुसते ओरखडे होते, सगळे एका बाजूला वाकलेले. ती पुन्हा पुन्हा काचा लावायची आणि पुन्हा पुन्हा ओरखडेच यायचे. मग तिच्या ध्यानात आलं. आभाळ थांबत नाही. आपण बघत असतो तोवर ते सरकत असतं.

ती दादू सुताराकडे गेली. त्याचंही एक मूल साथीत गेलं होतं. त्यानं लगेच करवत हाती घेतली. तिनं सांगितल्या तशा दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या आणि मधे एक लांब, पिळाचं मळसूत्र बसवलं. बिजागरी ध्रुवाच्या रोखानं ठेवायची, वरच्या फळीवर कॅमेरा बांधायचा आणि मळसूत्र हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे कॅमेरा आभाळाबरोबर चालतो. पण किती हळू फिरवायचं? सगुणा बनूला निजवताना गुणगुणायची त्याच चालीवर फिरवू लागली. असं म्हणतात, ती चाल आणि आभाळाची चाल एकच निघाली. त्या रात्रीच्या काचेवर चांदण्या आल्या, मोहरीच्या दाण्यासारख्या, गोल आणि स्वच्छ.

तिनं काचेवरून कागदावर छाप काढला. काळ्या कागदावर पांढरे ठिपके. डोळ्यांना दिसतात त्याहून किती तरी जास्त. तो कागद घेऊन ती उंबऱ्यात बसली होती, तेवढ्यात शेजारची गोदा आली. गोदेचा येसू बनूच्याच वयाचा, त्याच साथीत गेलेला.

"सगुणे, ह्यात माजा येसू हाय का गं?"

सगुणेला ठाऊक होतं ते काय आहे ते. काच, औषध आणि कुठून तरी आलेला उजेड. तिनं तोंड उघडलं, आणि गोदेकडे पाहून मिटलं. मग एका ठिपक्यावर काळं बोट ठेवलं. "ह्यो बग."

गोदेनं कागद छातीशी धरला आणि साथीनंतर पहिल्यांदा ती पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी दारात बाया उभ्या होत्या. सगुणेनं कुणालाच नाही म्हटलं नाही. जत्रांमधून फोटो काढायचे, येताना साताऱ्याहून काचा आणायच्या आणि अंधार पडला की परसात बसायचं, हा तिचा नेम झाला. घराघरांत देव्हाऱ्यात काळे कागद लागले, त्यांतल्या एकेका ठिपक्याला हळदकुंकू लागलं. आया कागदावरच्या लेकरांशी बोलू लागल्या, जेवू लागल्या, झोपू लागल्या. फक्त सगुणेच्या घरात कागद नव्हता. ती भिंगातून तासन् तास काचा बघायची. ठळक ठिपके सगळे कुणाला ना कुणाला दिलेले होते. आणि एखादा बिनधन्याचा सापडला, तरी त्याला बनू म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

असं सुरू असताना एका साली पाऊस सरला, आभाळ धुऊन निघालं, आणि तिच्या काचेवर एक नवीन चांदणी आली. जुन्या काचा काढून तिनं पाहिल्या. तिथं काही नव्हतं. चार दिवसांत ती चांदणी साध्या डोळ्यांना दिसू लागली, मग आजूबाजूच्या साऱ्यांहून ठळक झाली. अख्खं गाव परसात जमलं. असं म्हणतात, तिच्या उजेडात कोंबड्यांची सावली पडायची.

"आली गं तुजी बनू," गोदा म्हणाली. "समद्यांची वाट बगून शेवटाला आली."

आणि सगुणेनं, जिनं इतके दिवस काहीच मानलं नव्हतं, हे मानलं. तिनं गावाला गूळ वाटला. डोक्याला तेल लावलं. रोज रात्री ती त्या चांदणीचा फोटो काढू लागली. जो फोटो राहून गेला होता, तो आता रोज निघत होता.

दिवाळी सरली तसा काचेवरचा ठिपका थोडा बारीक आला. दुसऱ्या दिवशी आणखी बारीक. सगुणेला वाटलं, औषध जुनं झालं. तिनं नवं आणलं. तिला वाटलं, हात हलला. तिनं हात कापडानं फळीला बांधला. ती काच आणखी आणखी वेळ उघडी ठेवू लागली, गुणगुणून गुणगुणून तिचा आवाज बसला. पण चांदणी विझत चालली होती. बनू एका रात्रीत गेली होती. ही मात्र तिच्या डोळ्यांदेखत रोज थोडी थोडी जात होती. थंडीचा कडाका पडला, त्यातल्या एका रात्रीची काच तिनं धुतली आणि तिथं काहीच नव्हतं.

बाया तिच्या परसात आल्या. गोदेनं देव्हाऱ्यातला कागद आणला होता. "माजा ठिपका घे सगुणे. येसू नि बनू संगंच खेळायची. ऱ्हातील दोगं त्यात."

"गोदे," सगुणा म्हणाली, "तितं कुनी न्हाई."

"काय म्हनलीस?"

"कुनी न्हाई तितं. येसू न्हाई, बनू न्हाई. नुसता उजेड हाय. मला आदीपासनं ठावं हुतं."

 मग गोदा म्हणाली, "मग आमाला का दावलंस?"

"तू इचारलंस तवा तुजं तोंड बगवंना."

गोदेनं तो कागद तिच्यासमोर फाडला. बाया एकेक करून उठल्या आणि गेल्या. त्या रात्री माळखिंडीत घराघरांतून रडं ऐकू आलं, साथीत आलं होतं तसं. लेकरं दुसऱ्यांदा मेली होती. सगुणेच्या दाराशी त्यानंतर कुणी थांबलं नाही, पाणवठ्यावर ती आली की बाया हंडे उचलायच्या.

पौषातल्या अवसेला सगुणा कॅमेरा आणि फळ्या डोक्यावर घेऊन गावामागच्या टेकडाकडे निघाली. गोदा दारातच उभी होती. तिला वाटलं, हाक मारावी. तिनं मारली नाही.

असं म्हणतात, त्या रात्री टेकडावरून गुणगुणणं ऐकू येत होतं, आणि आभाळ जागचं हललं नाही. कोंबडा आरवला, पुन्हा आरवला, उजाडेना. जनावरं उठेनात. म्हातारी माणसं धाब्यावर येऊन बसली आणि पाहत राहिली, तर चांदण्या होत्या तिथंच. मग केव्हातरी गुणगुणणं थांबलं. तेव्हा कुठं तांबडं फुटलं.

सगुणा फळीला टेकून बसलेली सापडली. अंगावर दहिवर गोठलं होतं आणि हात मळसूत्रावर होता. दादू सुताराला तो सोडवता आला नाही, म्हणून मळसूत्रच कापावं लागलं.

कॅमेऱ्यात शेवटची काच होती. सगुणेला काय दिसलं होतं हे आता फक्त त्या काचेला ठाऊक होतं. गोदेला राहवेना. कुणी अडवायच्या आत तिनं भर उन्हात पेटी उघडली. न धुतलेल्या काचेला उजेड लागला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती राखेसारखी काळवंडली. गोदा ती काच पदरानं पुसत बसली, पुसतच बसली.

त्यानंतर गोदा पुष्कळ वर्षं जगली, पण फारशी बोलली नाही. पुढं गावात एक तान्हं गेलं, तेव्हा ती काठी टेकत त्या घरी गेली, दिवा फुंकून मालवला आणि परसात त्या आईला खेटून बसली. ती बसली म्हणून बाकीच्या बसल्या.

तेव्हापासून माळखिंडीत ते चालत आलं आहे. त्याला चितारणीची रात म्हणतात. गावात कुणाचं मूल गेलं की त्या रात्री सारी घरं दिवे मालवतात. आता वीज आली आहे, तर देवळाचा आणि चावडीचाही दिवा बंद होतो. बाया त्या आईच्या परसात जाऊन बसतात. वर आभाळ असतं, पण त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

गेल्या साली अशीच एक रात झाली. गावात नवी आलेली सून सासूबरोबर निघाली होती. वाटेत तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, तिथं गेल्यावर तिला काय म्हणायचं असतं?"

"काय न्हाई," सासू म्हणाली. "बसायचं."