उजवीकडचं लॉक

इंदुमती ओसरीवर वाटाणे सोलत होती, तोच शेजारीण सांगत आली, "तुझे मोठे दीर श्रीधररावांची मोटारसायकल न्यायला निघालेत."

तिचे यजमान श्रीधरराव गेल्यावर त्यांची म्हणून तेवढीच वस्तू घरात उरली होती.

दादासाहेब चार माणसं घेऊनच आले. "गाडी माझी. नवा स्विच, हँडल लॉक, सगळं मी स्वतःच्या हातानं बसवलंय."

"मग भावोजी, लॉक करून दाखवा आणि खुशाल न्या." इंदुमतीनं किल्ली पुढे केली.

त्यांनी हँडल डावीकडे वळवलं. किल्ली काही फिरेना. इंदुमतीनं ते उजवीकडे वळवलं आणि लॉक खट्‌कन लागलं.

"ह्यांनी ते जरा वाकडं बसवलं, म्हणून इकडेच लागतं. बसवणाऱ्याला आपली चूक तरी आठवते, भावोजी."

आधी हसली ती दादासाहेबांचीच माणसं.

गाडी अजून दारात आहे. लॉक सरळ करायचं तेवढं राहून गेलं.