वेदरलीचे घर सरकते तेव्हा

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर वेदरली नावाचे एक छोटेसे गाव आहे. तिथे पाहण्यासारखे म्हणाल तर एक जुने स्टेशन, एक पवनचक्की आणि टेकाडाला वळसा घालणारे रस्त्याचे मोठे वळण. पण सप्टेंबरात एका ठरावीक दिवशी लांबून माणसे येतात ती एका घरासाठी. त्या दिवशी गावकरी ते लाकडी घर पायावरून उचलतात, ओंडक्यांवर ठेवतात, बैलांनी थोडे पुढे ओढतात आणि पुन्हा होते तिथे नेऊन बसवतात. आत चूल पेटलेली असते. असे का, ते क्लॅरा होल्कम या म्हाताऱ्या बाई पाहुण्यांना सांगतात. मध्येच कुणी घड्याळ पाहिले, तर पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

फार पूर्वी, रेल्वे इथवर आली तेव्हा, ऑर्फा टिलमन नावाची विधवा या गावात खानावळ चालवत असे. तिच्या दोन मुली घटसर्पाने गेल्या होत्या. त्यांना गावाबाहेरच्या टेकाडावर पुरले होते. बर्फ पडू लागले की मुली उघड्यावर आहेत, या विचाराने तिला झोप लागत नसे म्हणे.

रूळ टाकायला आलेला इंजिनिअर तिच्याकडेच जेवायचा. एके दुपारी सूप ओरपता ओरपता त्याने सांगितले, की लाइन टेकाडावरून जाणार, थडगी हलवावी लागतील.

"नाही हलणार," ऑर्फा म्हणाली.

त्याला तिची कीव आली. "बाई, तिथं राहतं घर असतं तर कंपनीला वळसा घालावा लागला असता. थडग्यांचं तसं नसतं."

एवढे बोलून त्याने आणखी पाव मागितला. आपण काय बोलून बसलो, हे त्याच्या गावीही नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ऑर्फाने शेजारच्या जॅस्पर होल्कमचे बैल मागितले. जागा बदलायची तर घरासकट बदलायची, ही त्या माळावरची रीतच होती. तिच्या घराखाली ओंडके गेले. जॅस्पर म्हणाला, "ऑर्फा, आधी चूल विझव. घर पेटेल."

"विझली तर ते राहतं घर कसं?" असे म्हणून तिने आणखी लाकडे आत सारली.

घर टेकाडावर चढले ते धूर सोडतच. थडग्यांना धक्का लागू नये म्हणून ती बैलांच्या पुढे उलटी चालत होती, असे सांगतात. तिथे रोवलेल्या दगडी खांबांवर घर टेकले आणि मुली नेमक्या स्वयंपाकघराखाली आल्या. पोरींच्या डोक्यावर छप्पर आले. ऑर्फा तिथेच फरशीवर बसून पोटभर रडली.

मग इंजिनिअर माणसे घेऊन आला. घर पाडतो म्हणाला. ऑर्फाने दार सताड उघडले.

"पाडा. मी आत जेवायला बसते आहे."

तो घुटमळला. मागे वळून पाहतो तर जॅस्परचे घर टेकाड चढत होते, त्यामागे लोहाराचे, त्यामागे आणखी कुणाचे. सगळ्यांच्या धुराड्यांतून धूर. कंपनीने खूप डोळे वटारले, धमक्या दिल्या, आणि मग मुकाट्याने लाइन वळवली.

ती रेल्वे केव्हाच बंद पडली. रूळ उपटून नेले, त्या जागी रस्ता झाला, तोही तसाच वळसा घालून जातो. आजही वेदरलीत ऑर्फाचे ते घर सरकते, आणि ते सरकत असताना गावातली एक बाई आत टेबलाशी बसून जेवते. आता टेकाड मागायला कोण येणार आहे, असे दरवर्षी कुणीतरी पाहुणा विचारतोच. क्लॅराबाई बैलांवरची नजर न काढता म्हणतात, "ते मला काय ठाऊक. घर कसं हलवायचं ते हातांनी विसरायला नको, एवढंच."