नागवाटेचं वळण

एका राज्यात राजाच्याही आधीपासून एक राई होती. राजे आले, राजे गेले, राई तिथेच. झाडं एवढी थोर की सात जणांनी हातात हात धरले तरी खोडाला वेढा पुरा पडत नसे. त्या राईत तीन वाटा होत्या: टेकवाट, घळवाट आणि नागवाट.

वाटांची राखण वाटाड्यांच्या घराण्याकडे होती. त्यांचा कुळाचार एकच. वाटेत झाड आडवं पडलं, तर त्याला कुऱ्हाड लावायची नाही. झाड पडल्या जागी राहील, वाट वळेल.

या घराण्यात रायबा नावाचा वाटाड्या होता आणि भिवरा नावाची त्याची बायको होती. बाई कामसू, पण भारी चौकस! मुंगी कुठे निघाली हे बघायला मुंगीमागे अर्धा कोस जाईल, आणि इकडे चुलीवरचा भात करपेल. रायबा हसे आणि करपलेला भात खाई.

एके दिवशी नागवाटेवर एक जुनाट बेहडा कोसळला. त्याच दिवशी राजा धवलसेनाला राईपलीकडच्या तळ्यावर जलविहाराची हुक्की आली. आडव्या खोडाशी पालखी अडली. भोई म्हणाले, "वळायला जागा नाही." राजा म्हणाला, "तोडा." राजा बोले, दल हाले; पालखीपुढे वाट दाखवत चाललेला रायबाही हलला. ज्यानं अडवायचं त्यानंच कुऱ्हाड उचलली आणि बेहडा मधोमध तोडला. पिढ्यान्पिढ्यांची रीत एका पालखीपायी मोडली, काय म्हणावं या माणसाला! राजाला तर ऊतच आला. त्यानं महिन्याभरात सगळी नागवाट सरळ करून घेतली, वर दगडी फरशी घातली आणि तिला राजवाट असं नाव दिलं.

शेवटची फरशी बसली आणि तुटल्या खोडाच्या ढोलीतून वनजोगीण बाहेर आली.

"राजाला रीत ठाऊक नव्हती," ती रायबाला म्हणाली. "तुला होती. म्हणून शाप तुला. सरळ चालत राहा. तिसऱ्या पौर्णिमेचा चंद्र उगवला की तू स्वतःच वाट होशील, आणि लोक तुझ्यावरून चालतील."

रायबा चालू लागला तो थांबेना. राजवाटेच्या या टोकाकडून त्या टोकाला, पुन्हा या टोकाकडून. त्याच्या पावलांचा आवाज होत नसे. आणि राईत जो कोणी शिरे, तो शिरला तिथूनच बाहेर पडे. राजाची पालखी पाच वेळा आत गेली आणि पाच वेळा आपल्याच वेशीशी परत आली.

दोन पौर्णिमा गेल्या. तिसरीच्या दिवशी सकाळीच भिवरा राईच्या कडेला जाऊन उभी राहिली. वर फांदीवर धनेश पक्षी बसला होता. ती म्हणाली, "पक्षीराज, ही राई माणसांना परत का पाठवते?"

"हुकूम सोडायला आले त्यांना पाठवते," धनेश म्हणाला. "विचारायला येईल त्याला आत घेते. वहाणा काढ."

भिवरानं वहाणा काढल्या, पाण्याची कळशी काखेत घेतली आणि आत पाऊल टाकलं. समोर जोगीण बसलेली होती.

"तीन वाटा आहेत," जोगीण म्हणाली. "नवऱ्यापर्यंत पोचायचं तर प्रत्येक वाट सगळ्यात आधी कोणी पाडली, ते सांग. एक जरी उत्तर चुकलं, तरी घरी जा."

हात्तिच्या, भिवराला वाटलं. वाटाड्यांच्या घरचं पोर बोलू लागलं की पहिलं हेच शिकतं: वाटा आपल्या खापरपणजोबांनी पाडल्या. उत्तर अगदी जिभेवर आलं. पण तिच्यातली चौकस बाई म्हणाली, अगं, खापरपणजोबा तिथे कशाला कडमडले असतील? आधी जाऊन तर बघ.

ती टेकवाटेनं चढली. माथ्यावर वाट एका पांढुरक्या दरडीशी संपत होती. दरडीला खोल खळगे पडलेले. भिवरानं बोट लावलं, चाटलं. खारट! खाली खुरांचे ठसेच ठसे.

"ही सांबरांनी पाडली," ती म्हणाली. "दरडीचं मीठ चाटायला येता येता."

"बरोबर," मागोमाग आलेली जोगीण म्हणाली.

घळवाट तीव्र उताराची. तिथे ना खूर, ना पंजा. पाचोळा उकरला तर खाली गुळगुळीत गोटे. भिवरानं कळशी वरच्या टोकाला रिकामी केली आणि पाण्यामागे धावत सुटली. पाणी वळलं तिथे वाट वळत होती, पाणी थबकलं तिथे वाट रुंद होत होती. धापा टाकत तिनं सांगितलं, "पाण्यानं!"

"बरोबर."

आता राहिली राजवाट. फरशीवर काय दिसणार, कपाळ? ऊन कलू लागलं. भिवरा फरशी सोडून बाजूच्या नेच्यांत शिरली आणि पायांनी चाचपू लागली. एके जागी माती मऊ लागली. लांबट उंचवटा होता, आणि त्यावर रोपटी एका रांगेत उभी. जंगलात रांग कोण लावतं? तिनं माती हुंगली, मुठीत चुरली. ती माती नव्हतीच, कुजून माती झालेलं लाकूड होतं! कधीकाळचं आडवं झाड. त्याला वळसा घालून जुनी वाट गेलेली, पायांना नीट लागत होती. पुढे दुसरा उंचवटा, दुसरा वळसा. मग तिसरा.

"ही पडलेल्या झाडांनी पाडली," भिवरा हळूच म्हणाली. "आम्ही नुसते त्यांच्या कडेनं चालत आलो."

जोगीण तिला परत फरशीवर घेऊन आली. मग म्हणाली, "बरोबर. पण उत्तरांनी तुला फक्त त्याच्यापर्यंत आणलं. शाप सुटायचा तर त्यानं एकदा वळायला हवं."

तुटलेल्या बेहड्याच्या दोन तुकड्यांमधून फरशी सरळ गेली होती, आणि लांबून रायबा येत होता.

"अहो!" भिवरा ओरडली. त्याला ऐकू गेलं नाही. तिनं हात धरायला बघितला; हात धुरातून जावा तसा आरपार गेला. रायबा पुढे गेला, टोकाशी दिसेनासा झाला आणि पुन्हा पहिल्या टोकाकडून येऊ लागला. पूर्वेकडचं आभाळ पिवळं होत चाललं होतं.

भिवरा बेहड्याच्या दोन तुकड्यांच्या मधोमध फरशीवर आडवी झाली.

"बाई," जोगीण म्हणाली, "तो तुला ओलांडून गेला, तर तूही वाट होशील."

"होईन," भिवरा म्हणाली. तिला भीती वाटत होती, पण ती हलली नाही.

रायबा आला. तिच्या कमरेशी त्याचं पाऊल उचललं गेलं आणि तसंच अधांतरी राहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती. पण समोर काहीतरी आडवं पडलेलं होतं, आणि पाय वाटाड्याचे होते. त्यानं पाऊल मागे घेतलं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग तो डावीकडे वळला, बेहड्याच्या कडेकडेनं नेच्यांत शिरला आणि पाचोळा करकरून वाजला.

वळसा घालून तो पलीकडे आला आणि खाली वाकला.

"भिवरे, ऊठ," तो म्हणाला. "दगड गार आहे, पाठ धरेल."

भिवरा उठली आणि त्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरून रडली. वर चंद्र उगवला, तो नुसता चंद्रच होता.

राईच्या वाटा मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सगळी हकिगत ऐकून राजा पायी आला, अनवाणी. फरशा उखडायचा हुकूम त्यानं दिलाच, पण पहिली फरशी स्वतः उचलली. मग रायबापुढे मान खाली घालून म्हणाला, "वाटाड्या, दोष माझा. हुकूम माझा होता."

"हुकूम तुमचा होता, महाराज," रायबा म्हणाला. "कुऱ्हाड माझी होती."

आणि दोघं मिळून दुसरी फरशी उचलू लागले. त्यांना जशी चुकलेली वाट गवसली, तशी सांगणाऱ्याला गवसो, ऐकणाऱ्यालाही गवसो.