मोरखारचा वाल

“पण दोन्ही संघ जिंकत गेले तर?” भानबाबांनी विचारलं.

विलास घरतने समोरच्या वालांवरून बोट फिरवलं. भानबाबांच्या मठाच्या ओट्यावर त्याने वाल मांडले होते. एक वाल म्हणजे गावच्या कबड्डी स्पर्धेतला एक संघ. मी, मठाचा स्वयंपाकी, दुपारच्या आमटीसाठी निवडत बसलो होतो तेच वाल, माझ्याच सुपातले. विचारायची रीतच नाही ह्या कबड्डीवाल्यांना.

विलास आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचा चिटणीस, आणि संघाचा डावा कोपरारक्षक. त्याच्या हातातून चढाई करणाऱ्याचा घोटा सुटलेला तालुक्यात कुणी पाहिला नव्हता. तोराही तेवढाच. आज मात्र स्वारी तोरा घरी ठेवून आली होती.

“दोघेही जिंकत गेले तर अंतिम सामन्यात आमची मोरखारशी गाठ पडते,” तो म्हणाला.

“मग ही बाद पद्धत नको?”

“नको. साखळी घेऊ.” त्याने वालांचे दोन गट केले. आमचा संघ एका गटात, मोरखार गावचा दुसऱ्यात. “आता नाही पडत.”

“आणि दोन्ही गटांतले पहिले?”

“ते... ते पुढे एकमेकांशी खेळतात.”

“अरेच्चा,” बाबा म्हणाले. त्यांना कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही.

विलासने सगळं पुन्हा विस्कटलं. खाडीवरून गार वारा येत होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. संध्याकाळी मंडळाची बैठक. कुणाची लढत कुणाशी, ते त्यालाच जाहीर करायचं होतं.

“एक विचारू का रे?” बाबा म्हणाले. “बाकीचे वाल तू चिमटीत उचलतोस. हा एक मात्र नखाने ढकलतोस.”

विलासने हात मागे घेतला.

“तो मोरखारचा,” मी म्हटलं. मला राहवत नाही.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी मोरखारचा रोहिदास चढाईला आला, विलासने त्याचा घोटा धरला आणि वरून बाकीचे पडले. ढीग उठला, पण रोहिदास उठला नाही. मानेला मार बसला होता. पकड नियमातलीच होती, पंचांनीही तेच सांगितलं. रोहिदासने पुढे कधी ब्र काढला नाही. पण तो मैदानात पालथा पडला होता ना, तेव्हा पोरगा गेलाच असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. आता तो बरा झाला होता आणि पुन्हा खेळायला येणार होता.

“मारेल तो तुला?” बाबांनी विचारलं.

“मारलं तर बरंच होईल हो...” विलास म्हणाला. “तो चढाईला येईल, बाबा. माझ्या कोपऱ्यात येईल. आणि मला त्याला धरावं लागेल.”

विलासने आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

“माझ्याच हातांची भीती वाटते मला. घरी पोरीला उचलायचं झालं तरी बायकोला हाक मारतो.”

त्याने मोरखारच्या वालावर नख टेकवलं.

“एकच पद्धत उरते,” तो हळूच म्हणाला. “मोरखारचा अर्ज उशिरा आला म्हणायचं.”

आणि त्याने नखाने तो वाल ओट्यावरून खाली उडवला.

अर्ज सगळ्यांच्या आधी आला होता. तेही गावाला ठाऊक होतं.

बाबा उठले. वाटलं, संतापले. पण ते अंगणातल्या विहिरीपाशी गेले, धोतर खोचलं आणि कठड्यावर चढून उभे राहिले. कठडा हातभर रुंद, त्यावर शेवाळ. वय ऐंशीच्या घरात.

“बाबा! अहो, उतरा!” मी ओरडलो.

“विलास, तू लांब राहा,” ते वरून म्हणाले. “तुझे हात वाईट आहेत.”

आणि चालू लागले. अंगणात शतपावली घालावी तसे, वर आभाळाकडे बघत.

माझं सूप कलंडलं. विहीर खोल, आणि पाण्याच्या वर डोकावणारे खडक मला बसल्या जागेवरून आठवत होते. विलास दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले होते.

“उतरा हो बाबा... पाया पडतो.”

“पड. पण लांबूनच.”

त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि पाय सरकला. सरकला की सरकवला, देव जाणे. मी डोळे मिटून घेतले. मेलो, मेलो, असं मीच ओरडत होतो.

डोळे उघडले तेव्हा बाबा कठड्यावर आडवे झाले होते. एक पाय विहिरीत लोंबत होता. दुसऱ्या पायाचा घोटा विलासच्या दोन्ही हातांत होता. तो कधी झेपावला ते मला कळलंच नाही. मी धावत जाऊन बाबांना खांद्याला धरून अलीकडे ओढलं. तिघेही मातीत बसलो. विलास मात्र घोटा काही सोडत नव्हता.

“सोड की आता,” बाबा म्हणाले.

त्याने सोडला. बाबांनी पाऊल गोल फिरवून पाहिलं. काही दुखत नव्हतं.

मग विलास भडकला. भीती उतरली की माणसाला राग येतो, तसा.

“हे काय वय आहे, बाबा? पडला असतात म्हणजे? कुणाच्या भरवशावर चढलात त्या कठड्यावर?”

बाबांनी ओट्याखाली पडलेला मोरखारचा वाल शोधला. माती फुंकून तो विलासच्या तळहातावर ठेवला.

“आणि हा कुणाच्या भरवशावर येतोय रे?”