जात्यापलीकडची जागा

पटकीच्या साथीनंतरच्या साली देवदान महाराज कोळवंडीला आले. बरोबर मिशनची चार माणसं होती. साथीनं त्या गावात अशी काही घरं ठेवली होती की आईबाप मातीआड आणि थोरली पोर चूल सांभाळतेय. महाराज त्याच घरांच्या भेटी घेत निघाले होते. त्यांची एक रीत होती. दारात उभं राहून विचारायचं, "घरात कर्तं कोण?" आणि पोरानं "मी" म्हटलं की हात जोडून, "आत येऊ का?" अहो, परवानगीशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत!

रिबकाच्या दारातही तसंच झालं. पोर चौदा वर्षांची. पदरात धाकटा भाऊ मानू आणि तान्ही म्हणावी इतकी लहान बहीण तामार. महाराजांनी हात जोडले तेव्हा मागे उभे असलेले मिशनशाळेचे ओहोळ मास्तर खदखदून हसले.

"कर्ती म्हणे! महाराज, ही भातुकली आहे. मोठ्या माणसाशिवाय का घर चालतं? शनिवारी दुपारी मी गाडी घेऊन येतो. चूल पेटलेली, पोरं जेवलेली दिसली तर ठीक. नाहीतर मुलगा एका बोर्डिंगात, मुलगी दुसऱ्या!"

रिबकानं दोघांना जवळ ओढलं. आईनं मरताना एकच सांगितलं होतं, पोरांची ताटातूट होऊ देऊ नकोस.

महाराज मात्र जात्याकडे बघत होते. "एकटीच दळतेस, बाळ?"

"हो, बाबा. समोर आई बसायची."

"ती जागा रोज झाडून ठेव," महाराज म्हणाले. "बसणारा येईल." आणि ते पुढच्या वस्तीकडे निघून गेले.

रिबकानं जागा झाडली खरी, पण जिवाला स्वस्थता कुठली! त्यातच शुक्रवारी विहिरीवर दोर हिसकला आणि तिचं उजवं मनगट टम्म सुजलं. बाजरी होती, पीठ चिमूटभर नव्हतं. शनिवार उजाडला. शेजारपाजार सगळा खुडणीला गेलेला. मानू सारखा विचारी, "ताई, भाकरी कधी?" डाव्या हातानं तिनं खुंटा ओढून पाहिला. दगड हलेना.

सूर्य डोक्यावर आला आणि वेशीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रिबकाला हुंदका फुटला. "प्रभू येशू, माझी पोरं नेतील रे! ये ना!" असं म्हणत तिनं पुन्हा खुंट्याला हात घातला, आणि काय सांगावं! जातं भिंगरीसारखं फिरू लागलं. पिठाची धार लागली. तिला वर बघायचं भानच नव्हतं. ती नुसती घास घालत राहिली. चार भाकऱ्यांचं पीठ निघालं, तशी धावत चुलीशी गेली. पण जातं थांबलं नव्हतं.

गाडी दारात आली. मास्तर तोऱ्यात पुढे झाले, आणि उंबऱ्यापाशीच थबकले.

"अगं, सांगायचं नाही का, मोठं माणूस आलंय म्हणून? गाडीवान, आपलं काही काम नाही इथं. दळायला बसलेत की ते! बाह्या सारून, कोपरापर्यंत पिठानं माखलेत. कोण गं हे? मामा?"

रिबका चुलीपासून वळली. "कुणी नाही, मास्तर. आम्ही तिघंच."

मास्तर आत धावले. जातं नुकतंच थांबत होतं. पलीकडच्या जागेवर सांडलेल्या पिठात पुरुषाचा मोठा पंजा उमटला होता. पाच बोटं अगदी स्वच्छ दिसत होती. तळव्याच्या मधोमध मात्र बोराएवढ्या जागी पीठ दाबलंच गेलं नव्हतं. क्रुसावर जिथं खिळा ठोकला होता, बरोबर तिथं.

मास्तर मागे वळतात तो दारात महाराज, पुढच्या वस्तीवरून परतलेले! मास्तरांनी त्यांच्या पायांवर लोळण घेतली. "चुकलो, महाराज! मी हसलो त्या घरात तो माझ्याआधी येऊन बसला होता."

महाराजांनी त्यांना उठवलं. "माझ्याकडे काय मागतोस? कर्ती तिकडे आहे."

मास्तर बाहेर गेले. पागोटं काढून उंबऱ्याबाहेर वाकले आणि म्हणाले, "रिबकाबाई, आत येऊ का? तुमचा हात बरा होईपर्यंत दळून देईन म्हणतो."

मानूच्या तोंडात भाकरीचा पहिला घास भरवत रिबका म्हणाली, "या की, मास्तर. पण माझ्या जागेवर बसा. समोरची जागा आता त्यांची आहे."