चुलीमागे एक गाडी

फार पूर्वी, गावकीचा कर नाण्यांऐवजी दगडांत भरला जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावाला एक तळे होते. दर उन्हाळ्यात प्रत्येक चुलीमागे एक गाडी दगड तळ्याच्या बांधाला घालायचे आणि गाळ उपसायला हात लावायचा, एवढाच तिथला कर. घर मोठे असो वा लहान, चूल एक तर गाडी एक. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

गावाची भरभराट ऐकून लांबून काही विणकर कुटुंबे आली. गावाबाहेरच्या माळावर घरे बांधू द्या, असे त्यांनी विनवले. माळावर वस्ती करायची, तर तिथे दुसरे तळे खणणे भाग होते. चावडीवर गाव जमले.

"नवं तळं कुणासाठी? नव्यांसाठी," एक जण म्हणाला. "मग दगड आपण का वाहायचे?"

पाटलांना ते पटले. तुम्हालाही पटले असेल. अशा गोष्टी ऐकताना फार सरळ वाटतात.

एक म्हातारी मात्र उठून म्हणाली, "अरे, आपलं तळं पणज्यांनी खणलं. तेव्हा आपण कुठं होतो गाडी जुंपायला?"

लोक हसले. "आजी, तुम्हाला कोण दगड उचलायला सांगतंय? बसा खाली."

पाटलांनी निवाडा दिला. जुन्या चुलींनी नव्या तळ्याला एक खडाही देऊ नये. जो नवी चूल पेटवील, त्यानेच तळे पुरे होईपर्यंत राबावे. विणकरांनी ते ऐकले, बैल वळवले आणि ते डोंगरापलीकडच्या गावी निघून गेले. कष्ट वाचले, गर्दीही टळली, म्हणून गाव खूश झाले.

पुढे पाटलांच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. थोरल्या भावांच्या संसारांनी घर आधीच भरले होते.

"आबा, मी माळावर वेगळी चूल मांडतो," तो म्हणाला.

पाटील हो म्हणणार, तोच शेजारी म्हणाले, "मांडू द्या की! पण ती नवी चूल झाली. तळं त्यानंच खणायचं. निवाडा तुमचाच आहे, पाटील."

परक्यांसाठी केलेल्या नियमात आपली पोरेही सापडतील, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. नियम मोडावा, तर पोटच्या पोरासाठी मोडला असे लोक म्हणणार. पाटील गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचे मला अजूनही वाईट वाटते.

मुलगा आणि सून डोंगरापलीकडे निघून गेले. मग ज्या ज्या घरात दाटी झाली, तिथली पोरे त्याच वाटेने गेली. गावात म्हातारी माणसे तेवढी उरली. गाड्या होत्या, पण दगड उचलणारे हात नव्हते. गाळ साचत गेला, बांध खचला, आणि एका उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला भेगा पडल्या.

तेव्हा पाटील डोंगर ओलांडून मुलाकडे गेले.

"नियम मोडला रे बाबा. घरी चल. नव्या तळ्याला लागतील तेवढे दगड मी घालतो."

मुलगा त्यांच्या पाया पडला. म्हणाला, "आबा, आम्ही इथं आलो तेव्हा आमच्या वस्तीसाठी तळं खणायचं ठरलं. पहिल्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो, तर इथले म्हातारे माझ्याआधी दगड घेऊन उभे होते. मी त्यांचा कोण होतो? आता ते थकलेत. त्यांच्या तळ्याचा गाळ आम्ही काढतो. त्यांना सोडून कसा येऊ?"

सुनेने दिलेले पाणी पाटील प्यायले, आणि ऊन उतरल्यावर एकटेच माघारी निघाले.

तात्पर्य: येणाऱ्यांच्याच डोक्यावर सगळा भार टाकणारे गाव शेवटी आपल्या लेकरांनाही पारखे होते.