चिमायचं 'कशाक?'

फार वर्षांपूर्वी पाणेरी गावात चिमाय नावाची सुईण राहायची. किती वर्षांपूर्वी, ते मला ज्यांनी ही गोष्ट सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि मी तेव्हाच विचारलं होतं. तुम्हीही ऐकताना नुसती मान डोलवू नका. चिमायला ते मुळीच खपायचं नाही, असं म्हणतात.

गाव सड्याखाली. सडा म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचं पठार. त्याच्या उतारावर राखणदेवाची राई आणि राईच्या मुळांतून निघणारा झरा. साऱ्या गावाला पाणी तेवढंच. राई कोणा एकाची नव्हती. देवाची, म्हणजे सगळ्यांची. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला नेत नसे. पण मूल जन्मलं की चिमाय त्याला झऱ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालायची आणि त्याची नाळ राईच्या कडेला पुरायची. ज्याची नाळ तिथं नाही, असं माणूस गावात सापडलं नसतं.

चिमाय स्वभावानं भारी संशयी. कोणी गोड बोलायला लागला की ती पदर खोचून बसायची. बारशाला कोणी काय आणलं यापेक्षा ते कशासाठी आणलं, हे तिला आधी हवं असायचं. लोक तिची थट्टा करायचे. म्हणायचे, हिला देव प्रसन्न झाला तर ही देवालाच विचारील, यात तुझा काय फायदा?

एके वर्षी गावात एक शेट आला. कुठला, ते कोणी धड विचारलं नाही. पांढरंशुभ्र धोतर आणि जिभेवर साखर. त्याला चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे घडीव दगड, हवे होते. चिरे काढायला गावाची ना नव्हती. गावातली घरंही चिऱ्यांचीच होती. लांबच्या माळावर गाव आपल्यापुरते चिरे काढायचा. पण शेटला माळ नको होता. राईखालचा दगड घट्ट आणि अखंड, त्यावर त्याचा डोळा होता. तसं तो बोलला नाही. तो म्हणाला, देव बिचारा पावसापाण्यात उघड्यावर बसलाय, मी त्याला देऊळ बांधून देतो. मग देवाला चांदीचा मुखवटा आला, मोठी घंटा आली, गावाचा मानकरी तातू गावकर, त्याला शालजोडी आली. गाव हरखून गेला.

चिमायनं भलतंच काही पाहिलं. शेट गावात जेवायचा, पण पाणी प्यायचा ते आपल्या माणसानं बाहेरून आणलेल्या मडक्यातलं.

"ज्येका आमचा पाणी नको, त्येका आमच्या झऱ्याची काळजी कशाक आसतली?" असं ती शेजारणीला म्हणाली. शेजारीण म्हणाली, तुला आपली सगळीकडे भुतंच दिसतात.

आता देवाची जागा म्हणजे देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. विचारायची रीत अशी. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो. गावकर गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाचं म्हणणं देवाला मोठ्यानं सांगतो. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे सगळा गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा." मग उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

त्या दिवशी तातू गावकर शालजोडी पांघरून उभा राहिला. बा राखणदेवा, आमची पोरंबाळं सुखी ठेव. व्हय म्हाराजा. गुरावासरांची राखण कर. व्हय म्हाराजा. तुझ्या डोक्यावर छप्पर येऊ दे. व्हय म्हाराजा. त्याला लागणारा दगड शेट तुझ्या राईतून काढील, उरेल तो घेऊन जाईल, ते गोड मानून घे. व्हय म्हाराजा. आणि श्वाससुद्धा न घेता पुढे, गावावरची इडापिडा टळू दे. व्हय म्हाराजा.

उजवी पाकळी पडली. घंटा वाजली. कोणाला काही खटकलं नाही, तोंडाला सवयच तशी लागलेली.

खटकलं ते एकट्या चिमायला. ती एका अडलेल्या बाईला मोकळं करून उशिरा आली होती आणि मागे उभी राहून ऐकत होती. तिनं एकेकाला गाठून विचारायला सुरुवात केली.

"तुमी व्हय म्हटल्यात, ता कशाक?"

कोणी म्हणालं, देवळाला. कोणी म्हणालं, इडापिडा टळायला. राईचं नाव एकानंही घेतलं नाही. या गोष्टीत पुढे बरेच चमत्कार आहेत, पण मला सगळ्यात जास्त पटतं ते हेच.

गावकर म्हणाला, कौल झाला, विषय संपला. चिमाय म्हणाली, एकाच पानात खीर आणि शेण वाढून जेवणार का विचारलंत. देव खिरीला हो म्हणाला असेल तर? त्यावर तिला देवापुढून हाकलून दिलं. ती चिडली होती आणि मनातून घाबरलीही होती. राई गेली की झरा आटणार, आणि मग उद्याच्या पोराला न्हाऊ कशानं घालायचं, हे तिला लख्ख दिसत होतं.

शेटनं मजूर गावातलेच लावले. धूर्तच होता तो. पहिली कुदळ मारायचा मान त्यानं तातू गावकराला दिला. सगळे राईपाशी आले, तर खणण्यासाठी आखलेल्या रेघेवर चिमाय मांडी घालून बसलेली. तातूचा जन्मही तिच्याच हातचा.

ती त्याला म्हणाली, "तुझी नाळ हयच पुरलेली आसा. ती आधी काढून माझ्या हातार दी, मगे खण."

तातूची उचललेली कुदळ वरच्या वर राहिली, ती काही केल्या खाली येईना, असं म्हणतात. शेट वैतागला. त्यानं ती हिसकावली आणि स्वतःच घाव घातला. तिथून पाणी उसळलं, नुकत्या कापलेल्या नाळेसारखं लालभडक. ते गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत चढलं. मजूर मागे पळाले. चिमाय जागची हलली नाही. पाणी तिच्या हनुवटीला लागलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "परत इचारा. एक एक करून इचारा."

तातूनं शालजोडी फेकून दिली आणि तसाच ओलेत्यानं देवापुढे धावला. गुरवानं पुन्हा पाकळ्या लावल्या. तुझं देऊळ बांधू का? उजवी पडली. तुझी राई खणू का? वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी डावीकडच्या सगळ्या पाकळ्या एकदम गळून पडल्या. तेव्हा कुठे गाव रडला.

शेट मुखवटा तिथेच टाकून पळाला. नंतर मुखवटा घासला तर आतून पितळ निघालं, असं म्हणतात. लाल पाणी ओसरलं, निवळलं, आणि रेघेच्या जागी एक टाकं राहिलं. त्यात चिमाय नव्हती. कोणी म्हणतं ती पाण्यात विरून गेली, कोणी म्हणतं दुसऱ्याच दिवशी ती एका बाळंतपणाला हजर होती. मी दोन्हीकडच्यांना विचारून पाहिलं, दोघंही डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात.

देऊळ पुढे माळावरच्या चिऱ्यांनी बांधलं. आजही पाणेरीत चिरे माळावरच निघतात, आणि जुना खड्डा बुजवल्याशिवाय नवा खणत नाहीत. बाहेरचा माणूस आला की त्याच्यापुढे आधी झऱ्याच्या पाण्याचा तांब्या ठेवतात. आणि गाऱ्हाण्यात गावकराचं वाक्य संपलं की गाव गप्प राहतो. गावातली सगळ्यात म्हातारी बाई चिमायच्या नावानं विचारते, "कशाक?" गावकरानं नीट सांगितलं आणि सगळ्यांना कळलं, तरच व्हय म्हाराजा.

मध्यंतरी एका खाण कंपनीची माणसं आली होती. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, सुनावणी ठेवली. साहेबांनी गोड आवाजात वाचलं: रस्ता होईल, दवाखाना होईल, पोरांना नोकऱ्या लागतील, आणि त्याच दमात सड्याचा गट नंबरही वाचून टाकला. मग त्यांनी पुढ्यातला तांब्या बाजूला सारला, आपली बाटली उघडली आणि विचारलं, सगळ्यांना मान्य आहे ना?

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मागच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली.

"कशाक?" ती म्हणाली. तिच्यामागून सगळा मांडव म्हणाला.

साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, पण गाव त्यांना दर वाक्याला थांबवत राहिला. ती सुनावणी अजून पुरी झालेली नाही.